आक्काच्या रस्त्याची सायकल

सीताराम ओव्हाळ सायकल घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात जाडी मोजायचं व्हर्नियर होतं, पिशवीत चार पानी यादी होती आणि यादीच्या जोडीला प्लायवूडचा एक तुकडा होता. आता सायकल घ्यायला जाताना माणूस पाकीट घेतो, फार तर सोबत एखादा जाणकार घेतो. प्लायवूड कोण घेतं? पण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ज्याची पस्तीस वर्षं मापं तपासण्यात गेली, त्याला असले प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी, ते विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

त्यांचं काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक नग तपासायला एक पोलादी माप असतं. त्याला गेज म्हणतात. गेजला दोन खाचा. एका खाचेत नग सहज गेला पाहिजे, दुसऱ्या खाचेत अजिबात जाता कामा नये. पहिलीत गेला आणि दुसरीत अडला की पास. नाहीतर नापास. मधलं काही नाही. 'चालून जाईल हो', 'जरासंच तर आहे' असलं बोलणं सीतारामांच्या खात्यात कुणी करत नाही. केलंच तर सीताराम चष्म्यावरून असे काही बघतात की बोलणारा आपणहून नग उचलून परत नेतो. घरीही तीच तऱ्हा. नव्या पातेल्याचं झाकण डुगडुगतं म्हणून ते तीनदा भांड्यांच्या दुकानात गेले होते. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने चहा पाजला आणि हात जोडले.

तर प्लायवूडचा तो तुकडा म्हणजे सायकलच्या टायरचं गेज होतं. घरी कापलेलं, कानसीने घासून गुळगुळीत केलेलं. एक खाच पन्नास मिलिमीटरची, एक चाळीसची. टायर पन्नासच्या खाचेत गेला पाहिजे आणि चाळीसच्या खाचेत जाता कामा नये. पन्नासच्या वरचा टायर कात्रजचा घाट चढताना जीव काढतो. चाळीसच्या खालचा टायर आक्काच्या रस्त्यावर दगडांच्या फटीत अडकतो. त्या रस्त्यावरच्या फटी सीतारामांनी गेल्या वर्षी वहीत मोजून आणल्या होत्या. हसू नका. त्या रस्त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

आक्का म्हणजे मुक्ताई, सीतारामांची थोरली बहीण. तेरा वर्षांनी मोठी. भोरच्या पुढे डोंगराच्या कुशीत आंबेमाळ नावाची वस्ती आहे, तिथलीच ही दोघं. आई-वडील लवकर गेले. आक्काला गावातच दिलेली, तिने धाकट्या भावाला स्वतःच्या चुलीपाशी आणलं आणि वाढवलं. पोरगं दहावी झालं, औंधच्या आयटीआयला नंबर लागला, बोपोडीला एका नातेवाइकाच्या खोलीत राहायची सोय झाली. राहिलं काय, तर बोपोडीहून औंधला रोज जायचं-यायचं कसं? इकडे आंबेमाळला तेव्हा रस्ताच नव्हता. रोजगार हमीतून सात किलोमीटरचा रस्ता निघाला होता आणि आक्का तिथे खडी फोडायला जात होती. एक उन्हाळा, एक हिवाळा आणि परत एक उन्हाळा तिने दगड फोडले. मग एक दिवस ती एकटीच भोरला गेली आणि काळी कुळकुळीत, नवी कोरी, बावीस इंची सायकल घेऊन आली. घेऊन आली म्हणजे चालत आणली. तिला कुठे चालवता येत होती! भोरपासून आंबेमाळपर्यंत बाईने हँडल धरून सायकल शेजारून चालवत आणली, जशी एखादी नवी म्हैस आणावी तशी.

शिकवलीही तिनेच. जिला स्वतःला येत नाही तिने शिकवली! मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरायची आणि त्या नव्या रस्त्यावरून लुगडं खोचून पळायची. सीताराम तेव्हा सतरा वर्षांचा, ताडमाड वाढलेला, आणि सीटवर बसून लहान पोरासारखा ओरडायचा, "आक्का, सोडू नको! धरलंयस ना?"

"धरलंय रं, धरलंय! तू म्होरं बघ!"

आणि एकदा त्याने मागे वळून पाहिलं तर आक्का शंभर पावलं मागे, कमरेवर हात ठेवून हसत उभी. केव्हाच सोडलं होतं तिने. त्या धक्क्याने तो पडला, ढोपर फुटलं, ते वेगळं. पण सायकल आली.

त्या दिवशी त्याने तिला शब्द दिला. "दर बुद्ध पौर्णिमेला ह्याच रस्त्याने सायकलवर येईन आणि तुला डबलसीट विहारात नेईन." सतराव्या वर्षी माणूस काय वाटेल ते बोलतो. पण सीताराम ओव्हाळ बोललेलं मोजून पाळणारे. चाळीस वर्षांहून जास्त झाली, वैशाखातली ती एक पौर्णिमा त्यांनी चुकवली नाही. उजाडायच्या आत खडकीतून निघायचं, कात्रज, कापूरहोळ, भोर, मग आक्काच्या रस्त्याने आंबेमाळ. पांढरं लुगडं नेसून आक्का दारात तयार. कॅरिअरवर बसायची, एक हात भावाच्या खांद्यावर ठेवायची आणि दीड किलोमीटर अलीकडच्या विहारापर्यंत अख्ख्या वस्तीला दिसेल अशा थाटात जायची. वंदना व्हायची, खीर वाटली जायची, परत डबलसीट घरी. आता आंबेमाळला दुसऱ्या बाजूने डांबरी रस्ता झालाय. जीप येते, मोटारसायकली येतात. जुन्या रस्त्यावरून फक्त गुरं जातात, आणि वर्षातून एकदा सीताराम. पावसाने माती वाहून गेली, उरलेत नुसते दगड. लोक म्हणतात, "सीतारामभाऊ, डांबरीने या की सरळ!" सीताराम म्हणतात, "ते दगड माझ्या बहिणीने फोडलेत. त्यांच्यावरून नाही आलो तर आलो कशाला?"

आणि गेल्या वर्षी परत येताना खेड शिवापूरजवळ त्या काळ्या सायकलची मुख्य दांडी जोडापाशी तडकली. तिसऱ्यांदा. वेल्डिंगवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "काका, आता जोड देऊ शकतो, खात्री नाही देऊ शकत." खात्री नसलेली वस्तू सीतारामांनी जन्मात पास केली नव्हती. त्यांनी सायकलची घंटी काढून घेतली, सीटवरून हात फिरवला आणि तिला तिथेच ठेवून टेंपोने घरी आले.

मुलगी आम्रपाली हिंजवडीला कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबा, कॅब करून देते ना. आत्याला भेटणं इम्पॉर्टंट आहे, सायकल नाही." पोर मायेने बोलली, खोटं नाही. पण काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. सीताराम म्हणाले, "तुझी आत्या अठरा किलोमीटर सायकल हातात धरून चालली होती. मी कॅबमध्ये एसी लावून जाऊ होय?" विषय संपला.

आता प्रश्न असा की घर दुसऱ्या मजल्यावरचं, जिन्याखाली जागा एका सायकलीची. तीही शेजाऱ्यांशी भांडून मिळवलेली. म्हणजे सायकल एकच हवी. तीच रोज कारखान्यात जाणार, तीच साठ-सत्तर किलोमीटर हायवे आणि घाट ओढणार, तीच आक्काच्या दगडांवरून जाणार. बाणेरच्या एका चकचकीत दुकानातल्या तरुण विक्रेत्याने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंकल, मग तीन बाइक घ्या." सीतारामांनी प्लायवूड बाहेर काढलं तेव्हा त्याने सिक्युरिटीकडे पाहिलं. दुसऱ्या दुकानात शॉकअपवाली, गुबगुबीत टायरांची सायकल दाखवली. ती पन्नासच्या खाचेत गेलीच नाही. तिसऱ्या दुकानात शर्यतीची, बोटाएवढ्या टायरची. ती चाळीसच्या खाचेतून सुळकन पार. दोन्ही नापास. पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आणि सीतारामांची झोप उडाली. शब्द मोडतो की काय, ही एकच भीती. त्यात आक्का एकाहत्तरची, गुडघे गेलेले. अजून किती पौर्णिमा, हा हिशेब ते मनात आणायचे नाहीत, पण तो आपणहून येऊन बसायचा.

शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी शनिवार पेठेतल्या श्रीधर आगाशांचं नाव सांगितलं. "माणूस तिरसट आहे, पण सायकल कळते." सीताराम गेले. दुकान बोळात, आत उजेड बेताचा, आणि दारावर पाटी: 'हवा स्वतः भरावी. पंप जागेवर ठेवावा. आभार मानू नयेत.'

"काय हवंय?" आगाशांनी मान वर न करता विचारलं.

"सायकल."

"इथे मेथी मिळत नाही हे आपल्याला ठाऊक दिसतंय. कसली सायकल?"

सीतारामांनी यादी उलगडली आणि तिन्ही कामं सांगितली. आगाशांनी हातातली चेन खाली ठेवली. "म्हणजे त्याच चपलेने कचेरीत जायचं, त्याच चपलेने डोंगर चढायचा आणि लग्नालाही तीच घालायची."

"हो," सीताराम म्हणाले. "सध्या तसंच करतो."

आगाशांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. चप्पल खरंच एकच असावी अशी होती. मग त्यांना प्लायवूड दिसलं. त्यांनी ते हातात घेतलं, खाचेवरून अंगठा फिरवला. "हे कुणी कापलं?"

"मी."

"कानसलंय चांगलं," आगाशे म्हणाले. पेठेतल्या माणसाच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही, हे खडकीच्या माणसालाही कळतं.

आतल्या बाजूने त्यांनी एक मातकट हिरवी सायकल ओढून काढली. "पोलादी सांगाडा. ॲल्युमिनियम नाही. शॉकअप नाहीत, म्हणून बिघडणारही नाहीत. गिअर हलके आहेत, घाट बसून चढाल. मडगार्ड बसतात. दोन वर्षं उभी आहे इथे. शर्यतवाल्यांना जड वाटते, डोंगरात उड्या मारणाऱ्यांना साधी वाटते. कुणीतरी खडूस गिऱ्हाईक येईल म्हणून ठेवली होती."

सीतारामांनी गेज लावलं. टायर पन्नासच्या खाचेत सहज गेला. चाळीसच्या खाचेत अडला. पास. तरी यादी काही सोडली नाही. व्हर्नियरने एक्सल मोजला, चाक डुलतं का ते बघितलं, ब्रेक पंधरा वेळा दाबले. "खराब रस्त्यावर चालवून बघायची आहे," म्हणाले. आगाशे म्हणाले, "दुकानातून उतरा, डावीकडे वळा. उजवीकडे वळलात तरी चालेल." पेठेत खणलेला रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही. सीताराम दोन्हीकडे जाऊन आले.

"सीट वर-खाली करायला पाना लागत नाही," आगाशांनी सीटखालची कळ दाखवली. "ही उघडा, सीट दाबा, बंद करा."

"कशाला? माझी उंची काय आता बदलणार आहे? तिथे साधा बोल्ट घालून द्या."

"मागवावा लागेल. पौर्णिमेनंतर या."

"बरं, राहू दे तोवर."

"कॅरिअर लावून देऊ?"

सीतारामांनी यादीवरून बोट फिरवलं. चार पानं, एकेचाळीस नोंदी. "यादीत नाही."

"सामान?"

"एक खिरीचा डबा, पाणी. दांडीला पिशवी बांधीन. तेवढंच वजन कमी."

"आपली मर्जी," आगाशे म्हणाले. जुनी घंटी मात्र यादीत पहिल्या नंबरला होती, ती त्यांनी नव्या हँडलला स्वतःच्या हाताने बसवली. निघताना सीताराम दारात थबकले. इतक्या दिवसांची काळजी एका बोळात संपली होती. "आगाशे, तुमचे फार—" एवढं ते बोलले, तर आगाशांनी न बघता पाटीकडे बोट केलं.

सायकल घरी आली तशी चंपाबाईंनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली, परत पुढून पाहिली. "छान आहे हो. पण काहीतरी राहिलंय असं वाटतंय."

"काय राहिलंय?"

"ते कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"एकेचाळीस नोंदी तपासल्यात, चंपा."

"तपासल्या असतील," त्या म्हणाल्या आणि डाळ बघायला गेल्या.

पौर्णिमेला झुंजुमुंजू व्हायच्या आधी सीताराम निघाले. दांडीच्या पिशवीत खिरीचा डबा, पाठीवरच्या पिशवीत आक्कासाठी पांढरं लुगडं. आणि काय सांगावं, सायकल नुसती गेली! कात्रजच्या जुन्या घाटात ते दरवर्षी दोनदा सायकलवरून उतरायचे, या वेळी एकदाही नाही. माथ्यावर त्यांनी टपरीवर चहा घेतला आणि चहावाल्याला उगाचच म्हणाले, "बरं चाललंय बघा." कापूरहोळपासून भोरपर्यंत वडांची सावली होती आणि त्या सावलीतून जाताना त्यांच्या मनात एकसारखं येत होतं की आपल्याला आयुष्यात फार मिळालं. आयटीआय मिळालं, कारखाना मिळाला, चंपासारखी बायको मिळाली, पोरगी शिकली. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय, तर एका बाईने फोडलेली खडी. तिने त्या दोन उन्हाळ्यांत हातोडी खाली ठेवली असती तर आज आपण कुठे असतो? हे त्यांनी आक्काला कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, तेच कळायचं नाही. म्हणून तर दरवर्षी यायचं.

आक्काच्या रस्त्यावर सायकल वळली आणि दगड सुरू झाले. एकही फट टायरला धरू शकली नाही. विहारापाशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती. "जय भीम, सीतारामभाऊ! नवी सायकल वाटतं!" "जय भीम! आलोच आक्काला घेऊन!" असं ओरडून ते थांबले नाहीत. वस्तीच्या तोंडाशी त्यांनी ती जुनी घंटी वाजवली.

आक्का दारात उभी होती. काठी टेकून, लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, केसांना तेल लावून. तिचा पुतण्या मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता, त्याला तिने हाकलून दिलं होतं. "माझा भाऊ येतोय," एवढंच म्हणाली होती. घंटी ऐकून तिचं तोंड उजळलं. "आलास व्हय रं, शित्या! आन् ही नवी का? ब्येस हाय की!" तिने काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि बसायला म्हणून सवयीने मागे गेली.

मागे काही नव्हतं. नुसतं चाक.

आक्काने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "शित्या," ती हळूच म्हणाली, "माझी जागा कुटं हाय रं?"

पस्तीस वर्षांची नोकरी, एकेचाळीस नोंदी, व्हर्नियर, प्लायवूड, आणि ज्या माणसासाठी सायकल घेतली त्याच माणसाला बसायला जागा नाही! आणि चूक कशी झाली तेही सीतारामांना त्या क्षणी लख्ख कळलं. तपासणीच्या कागदावर दोष लिहायचे असतात. जुन्या सायकलचं जे जे बिघडलं, मोडलं, अडलं, ते सगळं त्यांनी यादीत उतरवलं होतं. कॅरिअर चाळीस वर्षांत कधी बिघडलंच नाही. मग ते यादीत येणार कुठून? जे निमूटपणे सोबत राहिलं, त्याची नोंदच झाली नाही. त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आक्का, चुकलो," ते म्हणाले. "थांब, मी कुणाची तरी मोटारसायकल आणतो."

"मोटारसायकल पाठवली म्या माघारी. साऱ्या गावाला सांगून बसलीय, भाऊ न्हेनार म्हनून." तिने काठी परत हातात घेतली. "जाऊ दे. चलत जाऊ की. तू सायकल हातात धर. म्या न्हवती का आनली भोरपास्नं?"

आणि ती खरंच चालायला लागली. चार पावलं टाकली, गुडघ्याला हात लावला, उभी राहिली. परत दोन पावलं. सीताराम तिच्या मागून सायकल धरून चालत होते आणि त्यांना धड बघवत नव्हतं. दीड किलोमीटर, हे दगड, हे ऊन. त्यांनी सायकलकडे रागाने पाहिलं. नजर सीटवर गेली. सीटवरून सीटखालच्या कळीवर गेली.

"आक्का, थांब."

त्यांनी कळ उघडली, सीट पार खाली दाबली, कळ बंद केली. पाना लागला नाही. सायकल आक्काच्या कमरेखाली आली. हँडल धरून ते म्हणाले, "बस."

"कुटं?"

"सीटवर."

"आरं जा! येडा का खुळा तू? म्या म्हातारी, सीटवर?"

"आक्का, ही सायकल तू घेतलीस. म्हणजे ती पहिली. हातात धरून आणलीस, मागनं धरून मला शिकवलंस, चाळीस वर्षं मागे बसलीस. सीटवर एकदा तरी बसलीस का?"

कुणी तिला हे कधी विचारलंच नव्हतं, तिने स्वतःलाही नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर एक गाय आणि तिचं वासरू, बाकी कुणी नव्हतं. "कासोटा हाय म्हना," ती पुटपुटली, "टांग पडंल." भावाच्या खांद्यावर हात ठेवून तिने टांग टाकली. पाय पेडलवर पोचले. हातांनी हँडल असं काही धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली.

सीताराम मागे गेले. काठी त्यांनी पाठीच्या पिशवीत खोचली, दोन्ही हातांनी सीट मागून धरली आणि ढकलायला सुरुवात केली. सायकल हलली. आक्का किंचाळली, मग हसली, मग परत किंचाळली. "सोडू नगंस! शित्या, धरलंस न्हवं?"

"धरलंय, आक्का, धरलंय! तू पुढे बघ!"

तिने फोडलेल्या दगडांवरून सायकल डुलत, उसळत चालली. सीतारामांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत येत होता, आणि नुसता घामच होता असंही नाही. "आक्का," ते मागून म्हणाले, कारण समोरासमोर त्यांना कधीच जमलं नसतं, "तू होतीस म्हणून मी आहे. ऐकू येतंय ना?"

"येतंय रं," ती म्हणाली. मान वळवायची तिची हिंमत नव्हती. थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. "लई बोलतोस आज. म्होरं वळन हाय का काय?"

वळण संपलं तसं विहार दिसलं. विहाराअलीकडे गुरांनी तुडवून रस्ता मऊ केला होता, शंभर-दीडशे पावलं सपाट माती. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आक्काने पाठ ताठ केली. अंगठ्याने ती जुनी घंटी दाबली, एकदा, मग परत परत, जसं काही गर्दीतून वाट काढायची आहे.

"शित्या," ती पुढे बघतच ओरडली, "सोड की रं जरा! येऊ दे मला एकटीला!"

सीतारामांनी जन्मभर 'चालून जाईल' म्हटलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं हँडल. हा नग कुठल्याही गेजने पास होणारा नव्हता.

"सोडलंय, आक्का! केव्हाच सोडलंय!" ते ओरडले, आणि सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्या मागे पळत राहिले.